पूर्वजांचा शोध: कागदोपत्री वंशावळ कशी मांडाल?

‘खापरपणजोबांचं नाव कुठे सापडेल?’, ‘आमचं मूळ गाव नेमकं कोणतं?’, ‘जात पडताळणीसाठी जुनी नोंद हवी आहे, पण कचेरीत जाऊन कोणता कागद मागायचा?’ हे प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. बहुतेकांची अडचण कागद नसण्याची नसते. कागद कोणत्या नावाचा, कोणत्या कचेरीत आणि कोणत्या क्रमाने मागायचा, हे ठाऊक नसतं. म्हणून कुणी थेट पेशवे दफ्तरात जाऊन हात हलवत परततं, तर कुणी आडनाव जुळलं एवढ्यावरून परक्या घराण्याची वंशावळ आपली म्हणून डकवतं.

या शोधाचा नियम एकच आहे: आजपासून मागे जा, एका वेळी एकच पिढी जा आणि प्रत्येक बाप-लेकाच्या किंवा माय-लेकीच्या नात्याला किमान एक कागद जोडा. मधली पिढी वगळून मारलेली उडी पुढे हमखास चुकीच्या घरात नेते.

आधी घरातलं दफ्तर उघडा

कचेरीत जाण्यापूर्वी घरातल्या आणि भाऊबंदांतल्या वडीलधाऱ्यांशी बोला. आत्या आणि चुलत आजी यांना आधी विचारा. लग्नकार्य, सोयरीक, कोण कुणाकडे दत्तक गेलं, कोणत्या वाटणीनंतर कोण गाव सोडून गेलं, हे त्यांना पुरुषांपेक्षा बरंच जास्त आठवत असतं. विचारताना पुढील गोष्टी टिपून घ्या:

- प्रत्येक पिढीतल्या सगळ्या भावा-बहिणींची नावं. घरातलं लाडाचं नाव आणि कागदावरचं नाव, दोन्ही लिहा.
- सुनांची माहेरची नावं आणि माहेरचं गाव.
- कुलदैवत, देवक, गोत्र आणि जत्रेला जाण्याचं ठिकाण. गाव बदललेलं असलं तरी कुलदैवत सहसा बदलत नाही. मूळ प्रदेशाचा अंदाज त्यावरून येतो.
- गावात कसत असलेल्या किंवा पूर्वी विकलेल्या जमिनीचं नाव. ‘आंबराई’, ‘पाणंदीचं शेत’ असं नाव सांगितलं तरी गट नंबर शोधता येतो.
- श्राद्धाची तिथी. मृत्यूचं वर्ष विसरलेलं असलं, तरी महिना आणि पक्ष तिथीवरून कळतो.

मग ट्रंका आणि पोथ्यांची बासनं पाहा. जुन्या पत्रिका, शेतसाऱ्याच्या पावत्या, खरेदीखतं, लग्नपत्रिका, पेन्शनचे कागद यांचे फोटो काढा. मूळ कागद लॅमिनेट करू नका आणि फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका. डिंकाने कागद पिवळा पडून कुजतो.

गेली शंभर वर्षं: गाव आणि तालुका

पहिल्या तीन-चार पिढ्यांसाठी तालुक्याच्या बाहेर जाण्याची गरज क्वचितच पडते. पुढील कागद याच क्रमाने मागा.

- शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल, तरी मुख्याध्यापकांकडे अर्ज करून प्रवेश-निर्गम नोंदीचा उतारा मिळतो. त्यात पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ आणि जन्मतारीख असते. जुन्या नोंदीत 1 जून ही तारीख दिसली, तर ती खरी धरू नका. प्रवेशाचं वय जुळावं म्हणून गुरुजी ती सर्रास लिहीत.
- जन्म-मृत्यूचं रजिस्टर, म्हणजे गाव नमुना 14. अनेक भागांत याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. जुने खंड बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं, फक्त मुलगा की मुलगी एवढंच असतं. म्हणून शोध बापाच्या नावाने घ्या.
- सातबारा, आठ-अ आणि फेरफार. वंशावळीसाठी सातबाऱ्यापेक्षा फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, जास्त मोलाचा. वारसांची नोंदवही म्हणजे नमुना 6-क हीही मागा.
- भूमी अभिलेख कार्यालयातले कागद. कडईपत्रक, गुणाकार बुक, फाळणीबारा, शहरी भागासाठी मिळकत पत्रिका. सातबारा सुरू होण्याआधीचा खातेदार अनेकदा इथे सापडतो.
- दुय्यम निबंधकांकडचे दस्त. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, दत्तकपत्र, मृत्युपत्र. वाटणीपत्रात सगळे भाऊ आणि त्यांच्या शाखा एकाच कागदावर येतात.

अनेक तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन राज्य शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आले आहेत. 2023 साली न्या. संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा अनेक जिल्हाधिकारी कार्यालयांनी सापडलेल्या नोंदी गाववार स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकल्या. तुमचं गाव तिथे आधी शोधा. निम्मी पायपीट वाचेल.

एक फेरफार कसा वाचायचा

समजा, 1934 सालच्या फेरफारात असा मजकूर आहे: ‘खातेदार रामा बिन तुका हा दोन वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे 1) गणू 2) सखाराम वय 9, अ.पा.क. आई भागीरथी भ्र. रामा. गणू याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल.’

या तीन ओळींतून पुढील गोष्टी मिळतात. रामाच्या वडिलांचं नाव तुका. रामाचा मृत्यू 1932 च्या सुमारास झाला, म्हणजे कोतवाल बुकात कोणती वर्षं चाळायची हे ठरलं. सखाराम 1925 च्या सुमारास जन्मला, म्हणजे शाळेच्या रजिस्टरात 1931 ते 1933 ची पानं पाहायची. पत्नीचं नाव भागीरथी. आणि 1934 साली कुटुंब एकत्र होतं, म्हणजे वाटणीचा फेरफार त्यानंतरचा असणार. एका कागदाने पुढच्या चार कागदांचा पत्ता दिला. प्रत्येक नोंद अशीच पिळून वाचा.

जुन्या नोंदींत नेहमी दिसणारे संक्षेप आणि शब्द ध्यानात ठेवा:

- बिन, वल्द: अमक्याचा मुलगा
- कोम, भ्रतार (भ्र.), जौजे: अमक्याची बायको
- ए.कु.मॅ.: एकत्र कुटुंब मॅनेजर
- अ.पा.क.: अज्ञान पालन कर्ता
- मिरासदार: गावात वंशपरंपरागत जमीनहक्क असलेला, उपरी: बाहेरून येऊन जमीन कसणारा
- तक्षीम: वतनातली वाटणी किंवा हिस्सा

ए.कु.मॅ.ची नोंद दिसली, की तिथे इतर भावांची नावं लपलेली आहेत असं समजा आणि त्यांच्यासाठी आधीचा फेरफार काढा.

तुमचा भाग कोणता, त्यावर कागद ठरतो

आजचा महाराष्ट्र वेगवेगळ्या राजवटींतून एकत्र आला. त्यामुळे एकाच प्रकारच्या कागदाला ठिकठिकाणी वेगळं नाव आहे.

- पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश: मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली आला. त्यानंतर फेरफारांची साखळी सुरू होते. त्याआधीचे कागद बहुतेक मोडीत आहेत.
- मराठवाडा: निजामी राजवटीतले कागद उर्दू आणि फारसीत आहेत. 1954-55 चं खासरा पत्रक इथला पायाचा कागद. त्यामागे जायचं तर जिल्ह्यातली दफ्तरं आणि हैदराबादचं राज्य पुराभिलेखागार.
- विदर्भ: बंदोबस्ताच्या मिसली आणि 1954-55 ची अधिकार अभिलेख पंजी मागा.
- जुनी संस्थानं: कोल्हापूर संस्थानचं दफ्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे. गाव पूर्वी कोणत्या संस्थानात होतं, हे जिल्हा गॅझेटिअरमध्ये पाहा.
- गोवा: पणजीच्या पुराभिलेखागाराचा आरंभ 1595 सालचा आहे. तिथले कागद मुख्यतः पोर्तुगीजमध्ये आहेत. ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या वह्या उपयोगी पडतात. कोमुनिदादीत गावकरी असलेल्या घराण्यांना वांगडवार नोंदी पाहता येतात.
- मॉरिशस: करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांची नोंदवही मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिथे गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागांतले मराठी लोकही होते. तिकडच्या वंशजांनी प्रथम तिथून मूळ गावाचं नाव मिळवावं, मग इकडे यावं.

शंभर वर्षांच्या मागे: दफ्तरखाने

1818 पूर्वीच्या नोंदींसाठी पुण्याचं पुरालेखागार, म्हणजेच पेशवे दफ्तर, हे मुख्य ठिकाण. मुंबईचं पुराभिलेखागार 1821 साली सुरू झालं. ते काळा घोडा इथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना 1910) आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ यांच्या संग्रहांतही घराण्यांचे कागद मोठ्या संख्येने आहेत.

इथे आडनावाची सूची लावून ठेवलेली नसते. कागद प्रांत, परगणा, गाव आणि विषयानुसार रुमालांत बांधलेले असतात. म्हणून जाताना मूळ गाव, जुना परगणा आणि घराण्याचं वतन कोणतं होतं, ही माहिती हातात हवी. ती नसेल तर अजून तालुक्यातलंच काम बाकी आहे, असं समजा.

वंशावळीच्या दृष्टीने पुढील कागद विशेष मागा:

- करीना आणि कैफियत: वतनाच्या वादात पक्षकार आपल्या घराण्याची हकीकत मूळ पुरुषापासून सांगतो.
- महजर आणि निवाडपत्र: गोतसभेसमोर झालेला निर्णय. साक्षीदार म्हणून गावातल्या इतर घराण्यांचीही नावं येतात. वतन तुमचं नसलं तरी ते वाचा.
- थळझाडा: गावातली थळं, म्हणजे शेतजमिनीचे भाग, आणि ती धारण करणारी मूळ घराणी.
- इनाम कमिशनचे कागद: 1852 च्या कायद्यानंतर इनामांची चौकशी झाली. इनामदारांनी आपला हक्क शाबीत करण्यासाठी वंशावळी दाखल केल्या.

हे बहुतेक मोडीत आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. मंडळांतही वर्ग भरतात. स्वतः शिकलात तर उत्तम. नाहीतर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि महत्त्वाचा कागद दुसऱ्या जाणकारालाही दाखवा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे नावात चूक सहज होते.

तारखांचं गणित

- शालिवाहन शक: 78 मिळवा. शके 1745 म्हणजे इ.स. 1823. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या काळासाठी 79.
- फसली: 590 मिळवा. फसली 1320 म्हणजे 1910-11.
- सुहूर सन, ज्याला कागदांत अरबी म्हणतात: 599 मिळवा. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं आणि आकड्यांऐवजी शब्दांत लिहितात. ‘सीत अशर मयातैन व अलफ’ म्हणजे 6, 10, 200 आणि 1000, एकूण 1216. म्हणजे इ.स. 1815-16.

मूळ कागदातली तारीख जशीच्या तशी उतरवून घ्या आणि इसवी सन शेजारी लिहा. फक्त इसवी सन लिहिला, तर पुढे चूक तपासता येत नाही.

तीर्थक्षेत्रांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळी असतात. यात्रेला आलेला माणूस स्वतःचं, बापाचं, आजाचं, भावांचं आणि मुलांचं नाव, गाव आणि तिथी लिहून सही करत असे. कित्येक कुटुंबांना आपल्या खापरपणजोबांचं हस्ताक्षर याच वह्यांत पाहायला मिळालं आहे. वह्या गाव आणि आडनावानुसार वेगवेगळ्या उपाध्यायांकडे वाटलेल्या असतात. म्हणून पोचल्यावर आधी ‘अमुक गावच्या अमुक आडनावाचे उपाध्ये कोण?’ एवढंच विचारा. दक्षिणा आधी ठरवा, फोटो काढण्याची परवानगी मागा आणि परतताना आपल्या आजच्या पिढीची नोंद लिहून या.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यात हेळवी घरोघर येऊन वंशावळ सांगतात आणि वहीत नोंद ठेवतात. गावात ते कधी येतात, हे पाटलांच्या किंवा जुन्या शेतकऱ्यांच्या घरी कळेल.

ज्यांच्याकडे जमीन आणि वतन नव्हतं, त्यांनी

जुने कागद मुख्यतः जमीनदार आणि वतनदारांचे आहेत, हे खरं. पण म्हणून दलित, भटक्या-विमुक्त, कारागीर आणि मजूर कुटुंबांनी शोध सोडून देऊ नये. पुढील जागा नक्की पाहा:

- महार वतनाची नोंद वतन रजिस्टरात आणि जुन्या फेरफारांत सापडते. कनिष्ठ गाववतनं 1958 च्या कायद्याने रद्द झाली. त्या वेळच्या फेरग्रँटच्या, म्हणजे जमीन पुन्हा देण्याच्या, प्रकरणांत वारसांची नावं आहेत.
- विमुक्त जमातींसाठी गुन्हेगार जमाती कायद्याखालची रजिस्टरं. हा कायदा 1952 साली रद्द झाला. त्या नोंदी अन्यायाच्या आहेत, तरी त्यांत कुटुंबांची नावं आहेत आणि ती पुरावा म्हणून वापरण्याचा तुमचा हक्क आहे.
- पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. अनेक नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं आहे.
- कुळ नोंदवही, कारागृह रजिस्टर, गिरणी किंवा रेल्वेतल्या नोकरीचे कागद, जुन्या मतदारयाद्या.

जात पडताळणीसाठी शोध असेल तर

इथे जुन्यात जुनी नोंद नव्हे, तर ठरलेल्या तारखेआधीची नोंद महत्त्वाची. या ठरलेल्या तारखांना ‘मानीव दिनांक’ म्हणतात. ते असे आहेत:

- अनुसूचित जाती: 10 ऑगस्ट 1950
- अनुसूचित जमाती: 6 सप्टेंबर 1950
- विमुक्त जाती व भटक्या जमाती: 21 नोव्हेंबर 1961
- इतर मागास वर्ग: 13 ऑक्टोबर 1967

नोंद वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची हवी. तुम्ही आणि तो नातेवाईक यांना जोडणारी वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. त्या वंशावळीतल्या प्रत्येक टप्प्याला कागद जोडा. पणजोबांची उत्तम नोंद हाती असते, पण पणजोबा आणि आजोबा यांना जोडणारा कागद नसतो. प्रकरण अडतं ते इथे. कुणी ‘नोंद तयार करून देतो’ म्हणत असेल, तर त्याच्यापासून दूर राहा. खाडाखोड केलेली नोंद सापडली, तर दावा तर जातोच, शिवाय फौजदारी कारवाई होते.

नकार मिळाला तर: तुमचे हक्क

- महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 327 नुसार जमिनीचे अभिलेख आणि नकाशे फी भरून पाहता येतात, त्यांच्या प्रमाणित नकलाही मिळतात.
- नोंदणी कायद्यानुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांची सूची कोणालाही फी भरून पाहता येते. मृत्युपत्राची नक्कल मात्र ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच इतरांना मिळते.
- जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 नुसार नोंदीचा शोध आणि उतारा मागता येतो. मृत्यूच्या उताऱ्यात कारण दिलं जात नाही.
- साध्या अर्जावर उत्तर आलं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे.
- ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ हे तोंडी उत्तर स्वीकारू नका. लेखी मागा, आणि ते गहाळ झालं की नष्ट केलं, नष्ट केलं असेल तर कोणत्या आदेशाने, हेही विचारा.
- जनगणनेची मूळ पत्रकं मात्र गोपनीय आहेत. 1948 च्या कायद्याने ती कोणालाही दाखवत नाहीत. त्यामागे वेळ घालवू नका.

हमखास होणाऱ्या चुका

- आडनावावर विसंबणं. गाव बदललं, वतन मिळालं की आडनाव बदलत असे. उलट, एकाच गावाहून निघालेल्या निरनिराळ्या जातींच्या घराण्यांनी एकच ‘कर’ लावलेलं आडनाव घेतलं. गाव, बापाचं नाव आणि कुलदैवत या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढे जा.
- आजा आणि नातू यांची गल्लत. नातवाला आजाचं नाव ठेवायची चाल असल्याने ‘तुका बिन रामा’ आणि ‘रामा बिन तुका’ आलटून पालटून येतात. दोन पिढ्यांत साधारण 25 ते 30 वर्षांचं अंतर धरून वर्षं ताडून पाहा.
- दत्तक विसरणं. वडिलांचं नाव अचानक बदललं, तर आधी दत्तकपत्र शोधा.
- छापील कुलवृत्तांत डोळे झाकून मानणं. कुलवृत्तांत उत्तम साधन आहे, पण त्यातल्या सुरुवातीच्या पिढ्या बहुधा ऐकीव असतात. आपल्या शाखेची नोंद मूळ कागदाशी ताडा.
- मुलींना वगळणं. पुरुषांचीच वंशावळ मांडली, तर निम्मं कुटुंब हरवतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावं येऊ लागतात. त्याआधीची नावं वडीलधाऱ्यांच्या तोंडून आणि तीर्थक्षेत्रांच्या वह्यांतून मिळवा.

नोंद ठेवायची कशी?

एका वहीत किंवा संगणकावर प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान ठेवा. नाव, आई-वडील, जोडीदार, जन्म, मृत्यू, गाव, आणि प्रत्येक माहितीसमोर ती कोणत्या कागदातून घेतली हे लिहा: कचेरी, रजिस्टर, वर्ष, पान. ऐकीव माहिती वेगळ्या रंगाने लिहा. जिथे पुरावा नाही तिथे जागा रिकामी ठेवा. रिकामी जागा पुढची पिढी भरू शकते, पण अंदाजाने भरलेलं नाव कुणीच तपासत नाही आणि तेच खरं ठरून बसतं.

काम पुरं झालं की त्याच्या प्रती सगळ्या भावकीला द्या आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. सुरुवात मात्र आजच करा. कचेरीतला कागद पुढच्या वर्षीही मिळेल. ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजींना आणि आत्यांना विचारायचं असेल, तर ते याच आठवड्यात विचारा.